समुद्रतळाच्या गणितातलं संशोधनपद: बडोद्यातून तयारी कशी करावी

ऑक्टोबर २०१७ मध्ये घोघा ते दहेज फेरीबोट सुरू झाली. बडोद्याहून भावनगरला जाणाऱ्यांचा खंबायतच्या आखाताभोवतीचा मोठा वळसा वाचणार होता. पण दहेजच्या धक्क्यापाशी गाळ साचत राहिला, बोटीला लागणारी खोली टिकेना, आणि २०२० मध्ये ती सेवा थांबली. त्याच वर्षी नोव्हेंबरात घोघ्याहून हजिऱ्याला बोट सुटू लागली. आज दिसणारा तळ पाच वर्षांनी कुठे असेल, हे सांगणारी माणसं अशा वेळी लागतात. खंबायत तर शतकानुशतकं मोठं बंदर होतं. गाळाने ते समुद्रापासून तोडलं.

समुद्रतळ कसा बदलतो याचं गणिती मॉडेल बनवण्यासाठी विद्यापीठं पीएच.डी., पोस्टडॉक आणि प्रकल्पातल्या फेलोची पदं काढत असतात. आपल्याकडची गणित, सिव्हिल आणि भूशास्त्राची मुलं या जाहिराती वाचतात आणि ‘आपण कुठे समुद्राकाठचे’ म्हणून सोडून देतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. निवड करणारे गुणपत्रिका बघतातच, पण त्यांना खरं हवं असतं ते वेगळं: एखादा छोटा प्रश्न उमेदवाराने समीकरणापासून कोडपर्यंत, आणि कोडपासून खऱ्या तळापर्यंत स्वतः नेला आहे का? हे काम एका साध्या लॅपटॉपवर बडोद्यात घरी बसून करता येतं. शिवाय जगातल्या सर्वांत चंचल तळांपैकी एक आपल्यापासून गाडीने दोनेक तासांवर आहे.

जाहिरातीत नेमकं काय मागितलंय

‘मॉर्फोडायनॅमिक्स’, म्हणजे वाहतं पाणी तळाचा आकार कसा बदलतं याचा अभ्यास, हा शब्द बहुतेक जाहिरातींत असतो. त्याखाली तीन बऱ्यापैकी निरनिराळी कामं येतात. आपण कोणत्या कामाला अर्ज करतोय हे कळल्याशिवाय एक ओळही लिहू नये.

पहिलं काम कागद-पेन्सिलचं. जाहिरातीत ‘आयडियलाइज्ड मॉडेल’, ‘स्टॅबिलिटी अॅनालिसिस’ असे शब्द दिसले तर समजा की इथे गणितवाला हवा आहे. तळ सपाट आहे असं धरायचं, त्यावर अगदी बारीक लहर ठेवायची आणि विचारायचं: भरती-ओहोटी ही लहर वाढवते की पुसून टाकते? नेदरलँड्सजवळच्या उत्तर समुद्रात काही मीटर उंचीच्या आणि काहीशे मीटर लांबीच्या वाळूच्या लाटा आहेत. १९९६ मध्ये हुल्शर या संशोधकांनी दाखवलं की लहरीमुळे प्रवाहात उभी चक्रं तयार होतात. भरती-ओहोटीची सरासरी काढली तर तळालगत ती चक्रं वाळू शिखराकडे ढकलतात. उतारावरून वाळू खाली घसरू बघते. या ओढाताणीत जी लांबी सर्वांत वेगाने वाढते, तीच समुद्रात दिसते. समुद्रात वीजवाहिन्या आणि पवनचक्क्या टाकणाऱ्यांना या लाटा वर्षाला किती मीटर सरकतात हे माहीत असावंच लागतं, म्हणून या गणिताला तिथे पैसा मिळतो.

दुसरं काम मोठ्या संगणकीय मॉडेलचं. डेल्फ्ट३डी, टेलेमॅक आणि त्याचा गाळाचा भाग गाया, एक्सबीच अशी नावं जाहिरातीत असतील. ही सगळी खुली आहेत. डेल्फ्ट३डीचा कोड २०११ पासून मिळतो. इथे सिव्हिलच्या मुलांना फायदा. तिसरं काम निरीक्षणांचं: उपग्रहचित्रं, सोनारची मापं आणि त्यांचा मॉडेलशी मेळ. भूशास्त्रवाल्यांनी तिकडे बघावं.

कोणाला काय कमी पडतं

एम.एस्सी. गणित झालेल्यांचं आंशिक विकलक समीकरणांचं बळ चांगलं असतं, पण वाळूचा कण कधी हलतो हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. त्यांनी शील्ड्स या संशोधकाच्या कामापासून सुरुवात करावी. १९३६ मध्ये बर्लिनला त्याने प्रवाहाचा तळावरचा ताण आणि कणाचं पाण्यातलं वजन यांचं एक परिमाणरहित गुणोत्तर मांडलं. साधारण ०.०५ च्या आसपास वाळू हलू लागते. मग १९४८ चं मायर-पेटर आणि म्युलर यांचं सूत्र घ्यावं: हलायला लागणाऱ्या ताणाच्या वर जितका ताण, त्याच्या दीड घाताच्या प्रमाणात वाळू वाहते. चिखलाला मात्र ही सूत्रं लावू नका. चिखलाचे कण एकमेकांना धरून ठेवतात. त्यासाठी पार्थेनियाडिस यांचं झिजेचं सूत्र वापरतात, आणि आपल्या आखातात चिखल भरपूर आहे.

सिव्हिलवाल्यांना हे सगळं ओळखीचं असतं. त्यांनी रेषीय स्थिरतेचं विश्लेषण आणि संख्यात्मक पद्धती पक्क्या कराव्यात. भूशास्त्रवाल्यांनी पायथन शिकावं, तेही आजच. फोर्ट्रान वाचता येण्याइतकं तरी सगळ्यांनीच शिका, कारण मोठ्या मॉडेलांचा गाभा अजूनही त्यातच आहे. एम. एस. युनिव्हर्सिटीत गणित, अप्लाइड मॅथेमॅटिक्स, सिव्हिल, भूशास्त्र आणि समियाळ्याची जलसंपत्तीची संस्था अशा सगळ्या शाखा एकाच छत्राखाली आहेत. दुसऱ्या विभागातल्या सरांच्या दारावर टकटक करायला संकोच करू नका. मही खोऱ्यावर भूशास्त्र विभागात झालेलं काम तर आधी वाचलंच पाहिजे.

पहिलं मॉडेल: पाण्याखालचा एक उंचवटा

इथे वेळ द्या. अर्जाचं निम्मं काम याच भागात होतं.

गाभ्याचं समीकरण ऑस्ट्रियन हवामानशास्त्रज्ञ एक्स्नरचं, १९२० च्या दशकातलं. एखाद्या जागी जितका गाळ येतो त्याहून कमी बाहेर गेला तर तळ वर येतो, जास्त गेला तर खचतो. फक्त एक लक्षात ठेवा: साचलेल्या वाळूत साधारण ४० टक्के पोकळी असते, म्हणून गाळाच्या हिशेबाला ०.६ ने भागावं लागतं. पुष्कळजण हा भागाकार विसरतात.

आता एक सरळ खाडी घ्या. खोली ६ मीटर, प्रवाह सेकंदाला १ मीटर, मध्ये १ मीटर उंच आणि २०० मीटर लांब असा वाळूचा गोलसर उंचवटा. पाण्याची पातळी स्थिर धरा, म्हणजे उंचवट्यावर पाणी उथळ होतं आणि वेग वाढतो. वाळूची वाहतूक वेगाच्या घनाला ०.००१ ने गुणून काढा. एवढ्यावरून तळाची आकृती कोणत्या वेगाने सरकते हे हातानेच निघतं: वाहतुकीच्या तिप्पट, भागिले खोली, भागिले ०.६. सपाट तळावर हा वेग तासाला ३ मीटर येतो. शिखरावर खोली ५ मीटर, प्रवाह १.२ मीटर, आणि सरकण्याचा वेग तासाला साधारण ६.२ मीटर. म्हणजे शिखर पायथ्याच्या दुपटीहून जास्त वेगाने पुढे जातं, उंचवटा पुढच्या बाजूला उभा होत जातो आणि शेवटी तिथे जवळपास कडा तयार होतो.

हे कोडमध्ये उतरवा. १० मीटरचे चौकोन घ्या. शिखराच्या वेगाने एक चौकोन ओलांडायला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. वेळेची पायरी त्याहून लहान हवी. आधी मुद्दाम दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची सरासरी घेणारी मध्य-फरकाची पद्धत वापरून पाहा. तळावर दातेरे उठतील आणि वाढत जातील. मग प्रवाह जिकडून येतो तिकडचाच शेजारी घेणारी पद्धत वापरा. दातेरे जातील, पण उंचवटा हळूहळू बसका होईल, आणि हे बसणं वाळूचं नाही, तुमच्या पद्धतीचं आहे. चौकोन निम्मे करून पुन्हा चालवा. बसणं कमी झालं पाहिजे. प्रत्येक वेळी एकूण वाळूचा हिशेब करा. वाळू कमी-जास्त होत असेल तर कोड चुकलेला आहे, चित्र कितीही सुंदर असो.

शेवटी उतारावरून घसरण्याचं पद जोडा आणि पुढचा कडा कसा सौम्य होतो ते बघा. या प्रयोगांचे आलेख आणि दोन पानांची टिपणी एका सार्वजनिक कोड-भांडारात ठेवा. गाळाची प्रत्येक संख्या कोणत्या सूत्रातून आली, हे त्यात स्पष्ट असावं.

मग भरती-ओहोटी

खरा समुद्र एकाच दिशेने वाहत नाही. सव्वाबारा तासांहून थोड्या जास्त वेळात पाणी जातं आणि परत येतं. दोन्ही बाजूंचा प्रवाह अगदी सारखा असला तर वाळू पुढे जाऊन तेवढीच मागे येते. पण उथळ पाण्यात मुख्य भरतीवर तिच्या दुप्पट वारंवारतेची एक छोटी लहर चढते, आणि भरतीचा प्रवाह थोडा वेळ पण जोरात, तर ओहोटीचा जास्त वेळ पण संथ असा फरक पडतो. पाण्याचा सरासरी वेग शून्यच राहतो. वाळूची सरासरी मात्र शून्य राहत नाही, कारण वाहतूक वेगाच्या घनाने चालते.

हा हिशेब वहीत करा. मुख्य प्रवाहाचा आयाम (म्हणजे कमाल वेग) १, छोट्या लहरीचा ०.१, दोन्हींची शिखरं एकाच वेळी. वेगाच्या घनाची सरासरी येते पाऊण गुणिले १ चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे ०.०७५. दिशा न बघता एकूण हलणाऱ्या वाळूशी तुलना केली तर हे साधारण १८ टक्के भरतं. दहा टक्क्यांच्या लहरीने हलणाऱ्या वाळूचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकाच बाजूला नेला! नदीमुखं का भरत जातात याचं एक मोठं कारण या एवढ्याशा गुणाकारात आहे. मुलाखतीत हे फळ्यावर मांडता आलं तर समोरच्यांना फार वेळ प्रश्न विचारावे लागत नाहीत.

पाणी तासांत बदलतं, तळ वर्षांत. म्हणून मोठ्या मॉडेलांत भरतीच्या एका चक्रात झालेला बदल काही पटींनी गुणून पुढे नेतात. हा गुणक किती मोठा घेतला तर उत्तर बिघडतं, हे तुमच्या छोट्या मॉडेलवर तपासून ठेवा. एवढं तपासलेले उमेदवार कमी असतात.

आखाताकडे बघा

भावनगरला उधाणाच्या भरतीत पाण्याची पातळी १० मीटरच्या आसपास वर-खाली होते. याच पाण्याच्या जोरावर १९८३ पासून अलंगला जहाजं किनाऱ्यावर चढवून तोडतात. कावी-कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं मंदिर बडोद्यातल्या पुष्कळांनी पाहिलेलं असेल. दर्शनाबरोबर एकदा नुसती पातळी बघायला जा. भरतीचं वेळापत्रक बरोबर ठेवा, काठावर उभं राहून पाणी पिंडीपर्यंत यायला किती मिनिटं लागतात ती नोंदवा. उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर एखाद-दोन दिवसांनी सर्वांत मोठं असतं. चिखलाच्या पट्ट्यावर मात्र पाऊल टाकू नका. पाणी चालणाऱ्या माणसाला मागे टाकतं आणि चिखल पाय सोडत नाही.

सेंटिनेल-२ उपग्रहाची १० मीटर बारकाव्याची चित्रं २०१५ पासून फुकट मिळतात. मही मुखाची पावसाळ्याबाहेरची, बिनढगांची चित्रं उतरवा आणि प्रत्येक चित्रात पाण्याची कड आखा. त्या क्षणीची भरतीची पातळी माहीत असेल तर ती कड म्हणजे त्या उंचीची समोच्चरेषा. अशा पुष्कळ रेषा जमल्या की ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्याचा नकाशा तयार होतो, आणि वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे वजा केले की बदल.

एक सापळा आहे. उपग्रह जातो तेव्हा घड्याळात साधारण तीच वेळ असते, सकाळच्या मध्याची. उधाणाची ओहोटीसुद्धा एका जागी ठरावीक सुमारालाच येते. त्यामुळे काही किनाऱ्यांवर सर्वांत खालचा तळ उपग्रहाला कधी दिसतच नाही. तुमच्या जागी असं होतं का, हे तपासून लिहा. खोल भागासाठी जेबको हा जागतिक नकाशा आहे, पण त्याचा चौकोन जवळपास ४५० मीटरचा, आणि उथळ भागात बरंचसं अंदाजाने भरलेलं. मॉडेलची सुरुवात त्यावरून करा. दोन आवृत्त्यांची वजाबाकी करून ‘तळ खचला’ असं कधीही लिहू नका.

मॉडेल बरोबर आलं की नाही हे ‘दिसायला जुळतंय’ म्हणून ठरवायचं नाही. या क्षेत्रात ब्रायर कौशल्यांक वापरतात: तळ मुळीच बदलणार नाही असं म्हणणाऱ्या अंदाजापेक्षा तुमचं मॉडेल किती चांगलं? १ म्हणजे अचूक, शून्य म्हणजे काहीच न करण्याइतकंच, ऋण म्हणजे त्याहून वाईट. ऋण आला तरी तो आकडा दडवू नका. का आला याचा शोध घेणारं पानभर लिखाण चांगल्या गटप्रमुखाला गुळगुळीत आलेखापेक्षा जास्त आवडतं.

पदं कुठे निघतात

देशात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात, राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था चेन्नईत, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला. मुंबई आणि मद्रासच्या आयआयटी आहेतच. नेट किंवा गेट असेल तर प्रकल्पातली जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळायला सोपं जातं. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि एसआरएफला (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. ही नेमणूक प्रकल्पाबरोबर संपते, म्हणून पीएच.डी.ची नोंदणी करता येईल का हे पहिल्याच दिवशी विचारा.

बाहेर नेदरलँड्स हे या विषयाचं माहेरघर: डेल्फ्ट, ट्वेंटे, उट्रेख्त. तिथे पीएच.डी. करणारा बहुधा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, साधारण चार वर्षं. जाहिराती अॅकॅडेमिकट्रान्सफर या संकेतस्थळावर येतात. ब्रिटनच्या जॉब्स डॉट एसी डॉट यूकेवर असतात, पण तिथे परदेशी विद्यार्थ्याची पूर्ण फी शिष्यवृत्तीत धरली आहे का ते बारकाईने वाचा. मारी क्युरी या युरोपीय संघाच्या संशोधन-योजनेतल्या पदांना एक अट असते: मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. भारतातून थेट जाणाऱ्याला ही अट सोयीचीच आहे.

घरी विचारतात, “अगं, पण ह्याची पुढे नोकरी कुठे?” प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर तयार ठेवा. बंदरं, गाळ उपसणाऱ्या कंपन्या, समुद्री पवनऊर्जा, पाण्याखालच्या वाहिन्या, किनारा संरक्षण, सल्लागार कंपन्या. देशातल्या राज्यांत सर्वांत लांब किनारा गुजरातचा आहे. काका-मामांना “पोरगी समुद्राचं काहीतरी करते” एवढंच सांगून थांबू नका. दहेजची गोष्ट सांगा, लगेच कळतं.

पत्र

पत्र इंग्रजीत जाईल, पण मुद्दा आधी मराठीत नीट मांडून बघा. “आदरणीय महोदय, मला लहानपणापासून समुद्राची आवड आहे” हे वाक्य रोज येतं. त्याऐवजी असं काही:

“तुमच्या गटाच्या लेखात वाळूच्या लाटांची लांबी उतार-गुणकावर किती अवलंबून आहे हे दाखवलंय. मी एकमितीय मॉडेल लिहून तोच गुणक बदलून पाहिला. उंचवट्याच्या पुढच्या कड्याचा उतार कसा बदलतो ते सोबतच्या दोन पानांत आहे. मही मुखाच्या उपग्रहचित्रांवरून उघड्या पडणाऱ्या पट्ट्याचा नकाशाही केला आहे. चिखलासाठी माझं मॉडेल चालत नाही, आणि तेच मला शिकायचं आहे.”

एवढं पुरे. ज्यांना पत्र लिहिताय त्यांचा किमान एक लेख खरोखर वाचलेला असावा. शिफारस देणाऱ्या सरांना शेवटच्या तारखेच्या तीन-चार आठवडे आधी भेटा आणि तुमची टिपणी त्यांच्या हातात द्या. त्यांना लिहायला काहीतरी ठोस मिळतं. नुसतं ‘मेहनती विद्यार्थिनी’ लिहिलेल्या पत्राला वजन नसतं.

मुलाखत

तुमच्याच कामाबद्दल विचारतात. सीमेवर काय अट लावलीत? लाटांचा परिणाम का सोडलात? वेळेची पायरी दुप्पट केली तर? कणाचा आकार निम्मा केला तर काय बदलेल? माहीत नसेल तर “हे मी तपासलेलं नाही, पण असं तपासेन” असं सांगून पद्धत मांडा. परिमाणं फळ्यावर जुळवून दाखवायची सवय ठेवा. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, समीकरणाच्या प्रत्येक पदाचा अर्थ सांगताना अडखळू नका. सराव म्हणून एकदा सगळं घरच्यांना मराठीत समजावून सांगा. जिथे ते थांबवतील, तिथे तुमचंही समजणं कच्चं आहे.

हो म्हणण्याआधी

गटात सध्या असलेल्या एखाद्या संशोधकाशी मार्गदर्शकाच्या अनुपस्थितीत बोला: आठवड्यात भेट किती वेळा होते, आधीच्या मुलांनी किती वर्षांत संपवलं. मोठ्या संगणकावर वेळ मिळतो का, तेही विचारा. आणि मॉडेल ज्या मापांशी ताडून बघायचं ती मापं कोणाची आहेत? पुष्कळदा ती बंदराची किंवा खासगी कंपनीची असतात आणि प्रसिद्ध करता येत नाहीत. मग तीन वर्षांचं काम होतं, पण लेख अडकतो. डेटा कोणाकडे आहे आणि तो प्रबंधात वापरता येईल का, हे रुजू होण्याआधी ईमेलवर लेखी घ्या.